ओट्यावर कोण बसतं?

मागच्या पावसाळ्यात बचतगटाच्या बैठकीसाठी भंडारदऱ्याला गेले होते. बैठक शेंडी गावात होती. मुक्कामाची सोय मात्र १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाकडे तोंड असलेल्या एका हॉटेलात झाली. खोलीची एक भिंत काचेची. ती सरकवली की खोली आणि बाहेरचा लाकडी सज्जा एकच. सज्ज्यावर वेताचा टांगता झोपाळा, पाणी न शिरणाऱ्या कापडाच्या गाद्या, पाय पसरायला लांबलचक खुर्ची. घर आणि अंगण एक करणारं हे नव्या पद्धतीचं फर्निचर, असं मालकांनी कौतुकानं सांगितलं.

सकाळी एक बाई त्या गाद्या पुसत होती. "बसा ना घटकाभर," म्हटलं तर हसली. "नको ताई, कोणी पाह्यलं म्हंजे?" चहा तिनं पायरीवर उकिडवं बसून घेतला.

खरं तर यात नवं काय आहे? पडवी, ओटी, ओसरी, परसदारची पायरी, घर आणि अंगण जोडणाऱ्या जागा आपल्याकडे होत्याच. भंडारदऱ्याच्या पावसात तर पडवी म्हणजे निम्मं घर. दाणे पाखडायचे तिथे, शेळ्या बांधायच्या तिथे, ओलं इरलं टांगायचं तिथे. ही सगळी कामं बायकांची. बसायची जागा मात्र पुरुषांची.

आमची बैठकही एका पडवीतच झाली. एक बाज होती, तिच्यावर घरातला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा लोळत होता. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एक मला दिली, दुसरी ग्रामसेवक येतील म्हणून राखून ठेवली. ते आले नाहीत. अठरा बाया खाली, बारदानावर नाहीतर उंबऱ्याशी. निम्म्या जणी भाताची लावणी करून आलेल्या, दिवसभर कमरेत वाकलेल्या. उठताना प्रत्येकीचा हात गुडघ्यावर. दोन तास ती खुर्ची रिकामी राहिली, आणि मीही माझ्या खुर्चीवरून उठले नाही, हे कबूल करायला हवं.

आपल्या भाषेत ओटे दोन आहेत. एक घरापुढचा, टेकून बसायचा, गप्पांचा. दुसरा स्वयंपाकघरातला, त्याच्यापुढे फक्त उभं राहायचं. हा दुसरा आला तेव्हा चुलीपुढचं वाकणं सुटलं म्हणून आपल्याला आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण भाजी निवडताना, दाणे पाखडताना पाठ टेकेल अशी बैठक बाईसाठी करावी, हे ना सुताराला सुचलं, ना मोठ्या डिझायनरांना.

ही बारीकसारीक गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर केरळकडे पाहा. तिथल्या कापडदुकानांत विक्रीचं काम करणाऱ्या बायकांना दिवस दिवस उभं ठेवत. कोझिकोडच्या 'पेणकूट्ट' या बायकांच्या संघटनेनं त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१८ साली बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसा कायदा केला. दुकानातल्या मालकाला कायदा सांगता येतो. घरच्या पडवीत कुणाला सांगायचा?

घरकुल योजनेत आता घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. घर पंचवीस चौरस मीटरचं, पुढे पत्रा टाकून पडवी आपली आपण काढायची. ती काढतानाच भिंतीला लागून गुडघ्याएवढा विटांचा कट्टा घालावा, वर फरशी बसवावी. पाय खाली सोडून, पाठ टेकून काम करता येईल आणि काम नसताना नुसतं पावसाकडे बघत बसता येईल. हे शेवटचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसती बसलेली बाई आपल्यालाही बघवत नाही, लगेच हातात काहीतरी निवडायला देतो.

बैठकीच्या शेवटी मी हे मांडलं. एक म्हातारी म्हणाली, "कट्टा घालू, पन त्याच्यावं बी ह्योच येऊन लोळंल."

बाजेवरचा मुलगा उठून बसला.