तांबडी रेघ

मागल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास नाशिकरोडच्या आमच्या शेजारच्या ताई दारात आल्या. दोन्ही मुलांची शिक्षणे उरकल्यावर आता त्या स्वतः बी. ए. करीत आहेत. आपल्या नाशिकला गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने चूल आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अनेकांना पदवीची वाट दाखविली, हे वाचकांस ठाऊकच आहे. ताईंना घरच्या घरी निबंध टाईप करावयाचा होता. भाच्याचा लॅपटॉप हाताशी होता. पण चेहरा पडलेला.

"भाऊ, माझं मराठी एवढं अशुद्ध आहे का हो?"

जाऊन पाहिले. पडद्यावर दर दोन-तीन शब्दांखाली तांबडी नागमोडी रेघ. 'शाळा'खाली रेघ, 'वेळ'खाली रेघ, 'आहे'खाली रेघ, इतकेच काय, त्यांच्या आडनावाखालीही रेघ! 'शाळा' हा शब्द त्यांनी चार वेळा खोडून लिहिला होता. शेवटी 'विद्यालय' लिहिले तेव्हा रेघ गेली. मग त्यांनी 'वेळ' काढून 'समय' घातला, 'लांब' काढून 'दूर' घातले. आपल्या आईला शाळा का मिळाली नाही, ही हकीकत त्या लिहीत होत्या, आणि त्यातले आईचेच शब्द एकेक करून हद्दपार होत होते.

वाचकहो, ज्यांच्या वहीवर लहानपणी मास्तरांची तांबडी शाई पडली, त्यांना ही रेघ किती बोचते ते वेगळे सांगावयास नको. पण येथे चूक ताईंची नव्हतीच. संगणक तो मजकूर हिंदी समजून तपासत होता. हिंदीच्या शब्दकोशात 'विद्यालय' आहे, 'समय' आहे; 'शाळा'तला 'ळ' प्रमाण हिंदीत नाहीच. यंत्राला अर्थ कळत नाही. जवळच्या यादीत शब्द सापडला नाही की ते रेघ ओढून मोकळे होते. आडनावांचेही तेच.

लिहिता लिहिता रेघ ओढण्याची ही रीत वर्ड या प्रोग्राममध्ये १९९५ च्या आवृत्तीपासून आली. पुढे ऑफिस ९७ मध्ये तर डोळे मिचकावणारी एक कागदाची क्लिप मदतीला म्हणून मध्येच उगवू लागली. लोक इतके वैतागले की २००७ च्या आवृत्तीतून ती काढून टाकावी लागली. क्लिप गेली, रेघ राहिली. ती मात्र आपल्या हाताने घालविता येते.

तुमच्याकडे वर्ड असेल तर आधी सगळा मजकूर निवडा. वरच्या 'रिव्ह्यू'मध्ये 'लँग्वेज', त्यात 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडा आणि यादीतून मराठी निवडा. तरीही त्रास होत असेल तर तेथेच 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' यापुढे खूण करा. रेघच नको असेल तर 'फाईल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग' असे जाऊन 'चेक स्पेलिंग अ‍ॅज यू टाईप' यापुढची खूण काढा. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये शिफ्ट आणि एफ-७ एकदम दाबले की काम होते. आडनाव बरोबर असेल तर त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ते शब्दकोशात घाला. आडनाव आपले, त्याला परवानगी कोणाची?

जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्यांचे दुखणे निराळे. कृतीदेवमध्ये लहान 'डी' दाबली की 'क' उमटतो, मोठी दाबली की अर्धा 'क्'. आता इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची वर्डला सवय. त्यामुळे 'कागद' लिहावयास जावे तर आरंभीचा 'क'च मोडतो. टंकलेखन करणाऱ्याला वाटते, बोट चुकले. यासाठी 'प्रूफिंग'मध्येच 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' उघडून 'कॅपिटलाईज फर्स्ट लेटर ऑफ सेंटेन्सेस' यापुढची खूण काढावी. शेजारच्या 'ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाईप'मधील 'ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स' काढली की अर्जात न मागता आकडे पडणे थांबते. एकदाच काही बिघडले असेल तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा. यंत्राने केलेला बदल मागे जातो, तुमचा शब्द राहतो.

कोपऱ्यात टिंग करून उगवणाऱ्या सूचनांसाठी विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स' येथे 'डू नॉट डिस्टर्ब' आहे. अभ्यासाला बसताना ते चालू करावे. संगणक दुसऱ्याचा असेल तर मात्र उठताना सगळे पूर्ववत करावे. भाच्याला इंग्रजीसाठी तीच रेघ हवी असते.

ताईंच्या लॅपटॉपवर भाषा बदलायला पाच मिनिटे लागली. मग 'विद्यालय'च्या जागी 'शाळा' परत आली, 'समय'च्या जागी 'वेळ'. खऱ्या चुका अजिबात नव्हत्या असे नाही. मुलीने निबंध मोठ्याने वाचला तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन सापडल्या. त्या ताईंनी स्वतः, कागदावर पेन्सिलीने खुणा करून, दुरुस्त केल्या.