शालूसाठी कर्ज काढू नका

पेण-रोह्याच्या बौद्ध बंधुभगिनींनो,

लग्नसराई आली की आपली कुटुंबे जरीच्या शालूसाठी सावकाराच्या दारात उभी राहतात. शालू नवरीच्या अंगावर एक दिवस असतो. त्याचे व्याज बापाच्या मानेवर वर्षानुवर्षे बसते. हा कोणता धम्म?

“पांढरे पातळ तर विधवेचे!” असे शेजारी म्हणतात. त्यांना विचारा, विधवेचा रंग कोणी हिरावून घेतला? ज्या रूढीने हिरावला, ती आपण सोडली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास लाखो स्त्रीपुरुष शुभ्र वस्त्रांत धम्मात आले. आपल्याच जिल्ह्यात, महाडास, डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, लुगडे नेसण्याची अस्पृश्यतेची खूण टाकून द्या. त्या शब्दाचे मोल शालूच्या किमतीत मोजू नका.

साधे सुती पांढरे पातळ घ्या. ते पुढेही वंदनेस नेसता येईल. कोकणच्या पावसाळ्यात कापडास बुरशी लागते. म्हणून ते धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, सुती फडक्यात बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

कायदाही ध्यानात ठेवा. लग्नाची अट म्हणून वरपक्षाने कापडचोपड मागणे हा 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. वधूस मिळालेल्या भेटींची लेखी, सहीनिशी यादी करावी, असा 1985 चा नियम आहे. तीत पातळही लिहा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर स्त्रीचाच पूर्ण हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क आपल्या लेकीस विवाहापूर्वीच समजावून सांगा.