स्प्रिंग कापली आणि अक्कल आली

'लोअरिंग' हा शब्द आपल्या पार्किंगमध्ये सबमिशनपेक्षा जास्त वेळा ऐकू येतो. गाडी जमिनीला जितकी चिकटलेली तितकी भारी, हा आपला अलिखित नियम! मीही याच पंथाचा. आज मात्र या पंथाच्या विरोधात लिहितोय, तेही स्वतःचे हात पोळल्यावर.

मी पोशीरचा. नेरळहून कळंबला जाताना आमचं गाव लागतं. काका पूर्वी नेरळ ते माथेरानचा दस्तुरी नाका अशी ओम्नी चालवायचे. आता त्यांच्याकडे ईको आहे. सकाळ-संध्याकाळ शाळेची मुलं, मधल्या वेळेत मिळेल ते भाडं.

टीईला असताना मी काकांना पटवलं, "व्हॅन उंच आणि अरुंद असते, वळणावर डुलते. गुरुत्वमध्य खाली आणला की बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो." यात खोटं काहीच नव्हतं, पुस्तकात तसंच आहे. काका म्हणाले, "तू शिकतोयस, तुला कळतं. कर."

तयार लोअरिंग स्प्रिंगचे पैसे नव्हते. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये ग्राइंडर लावून स्प्रिंगचा एकेक वेढा कापला. गाडी दिसायला एकदम झकास! आठव्या दिवशी मुलांनी आणि दप्तरांनी भरलेली गाडी गतिरोधकावर आपटली, ऑइल चेंबर फुटला. मुलं भर पावसात रस्त्यावर उभी. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये, म्हणजे दोन दिवसांची कमाई बुडाली आणि मुलांची शाळाही.

रात्री कागद घेऊन बसलो. ईकोचा ग्राउंड क्लिअरन्स 160 मिमी. त्यातले समजा 40 मी खाल्ले, उरले 120. तेही रिकाम्या गाडीचे! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 100 मिमी उंच असतो. आपल्या रस्त्यांवरचे किती गतिरोधक हे मानक वाचून बांधलेत, ते तुम्हीच सांगा.

'स्प्रिंग कापली की कडक होते, मग गाडी दबेल कशाला?' असं मला वाटलं होतं. सहा वेढ्यांतला एक कापला तर ताठरपणा 20 टक्के वाढतो, हे खरं. पण रबर बफरला टेकेपर्यंत 80 मिमी जागा होती असं धरलं, तर ती 40 झाली. निम्म्या अंतरात तोच धक्का थांबवायचा तर सरासरी बळ दुप्पट लागतं. 20 टक्क्यांत दुप्पट कसं बसणार? हे गणित मला आधीही येत होतं. मांडलं नव्हतं, एवढंच.

काका रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आरं, ओम्नीला आम्ही पाटा वाढवून घ्यायचो. तू उलटं करतोयस म्हटल्यावर वाटलं, नवीन शोध असंल."

हे वाक्य मला आजही टोचतं. ओम्नीला मागे पाटे, ईकोला गुंडाळी स्प्रिंग, पण भार आणि रस्ता तोच. तो काकांना पाठ होता आणि मी त्यांना एक प्रश्नही विचारला नव्हता.

लोअरिंग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आपलीच मुलं 'सुप्रा'साठी गाडी जमिनीलगत ठेवतात आणि 'बाहा'साठी उंच. पुस्तक एकच, रस्ते दोन. जुळणारे शॉकअप, मोजून बनवलेल्या स्प्रिंगा आणि गुळगुळीत ट्रॅक असेल तर खुशाल करा. पण दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या गाडीवर हौस भागवू नका.

आता ईकोला मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा आहेत. पैसे माझ्या सुट्टीतल्या कामाचे. काही बदलायचं असलं की काका अजूनही मलाच विचारतात. फरक एवढाच, की आता आधी मी त्यांना विचारतो: "काका, गाडीत माणसं किती बसतात?"