चित्रकलेचा तास कुणी पळवला?

आपल्या समाजाच्या सभांत 'आम्ही या देशाला काय दिले' हा विषय निघाला की भाषण ताजमहालापासून सुरू होते आणि लाल किल्ल्यापाशी संपते. त्यानंतरची साडेतीनशे वर्षे जणू कोरी पाटी. संग्रहालयेही आपल्याला तेवढेच देतात. 'इस्लामी कला' म्हटले की तलवारी, सुरया, जुनी हस्तलिखिते. आणि मुघल संपले की ते दालनही संपते. पुढच्या, आधुनिक चित्रांच्या दालनात आपले कोणी असेल असे ना त्यांना वाटते, ना आपल्याला. ही समजूत साफ खोटी आहे आणि तिची किंमत आपली मुले मोजत आहेत, असे आम्हा उर्दू शाळेत शिकवणाऱ्यांचे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास या गटाला वगळून लिहिताच येत नाही. गोव्याचा ख्रिस्ती सूझा, आरा, गाडे, बाकरे आणि दोन मुसलमान : रझा आणि हुसेन. रझांनी नागपूरच्या आणि मग मुंबईच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. हुसेन पंढरपूरचे. त्यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, लहान मुलांच्या खोल्यांसाठी लाकडी फर्निचर आणि खेळणी केली. याच वर्तुळात पुढे तय्यब मेहता आले. मुंबईच्या बोहरी वस्तीत वाढलेल्या या चित्रकाराने फाळणीच्या दिवसांत महंमद अली रोडवर एका माणसाचा खून डोळ्यांनी पाहिला आणि ती जखम आयुष्यभर कॅनव्हासवर मांडली.

आणखी दोन नावे आम्ही मुद्दाम घेतो, कारण ती स्त्रियांची आहेत. नसरीन मोहम्मदी १९३७ साली कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, बडोद्याच्या विद्यापीठात शिकवत राहिल्या आणि १९९० साली आपल्या कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. साधा कागद, शाई, पेन्सिल, पट्टी आणि रेषा, एवढाच त्यांचा संसार. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आधुनिक कलेसाठी नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांच्या रेषा होत्या. दुसऱ्या झरीना, अलीगढच्या. १९९९ साली त्यांनी लाकडाच्या ठशांवरून छत्तीस चित्रांचा एक संच केला. प्रत्येक चित्राखाली नस्तालीक लिपीत एक उर्दू शब्द : घर, उंबरठा, दार, अंगण, सरहद. ज्या लिपीला इथे 'भविष्य नाही' म्हणून आपलेच लोक मुलांना तिच्यापासून दूर नेतात, ती लिपी न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

आता आपल्या शाळांकडे वळू. कलाशिक्षकाची जागा रिकामी राहिली तर तक्रार कोणाची येते? गणिताचा शिक्षक नसेल तर पालक दारात उभे राहतात. चित्रकलेचा तास गणिताला, शास्त्राला वाटून टाकला तर वालिदैन उलट खूश होतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षांना मराठी शाळांतून मुलांच्या रांगा लागतात. आपल्याकडे कित्येक शाळांत फॉर्मच मागवले जात नाहीत. मग दहावीला त्या परीक्षेचे वाढीव गुण दुसऱ्यांना मिळाले की आपण अन्यायाची भाषा बोलतो.

कारण विचारले की पहिले उत्तर मजहबचे येते : तस्वीर हराम आहे. आम्ही आलिम नाही आणि फतवे देणार नाही. पण उलमांचा मूळ आक्षेप सजीवांच्या प्रतिमेबद्दल आहे, रेषेबद्दल नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला, काढायचेच असेल तर झाडाचे आणि निर्जीव वस्तूचे चित्र काढ, असे सांगितल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. मग भूमिती, वेलबुट्टी, खुशनवीसी, घराचा नकाशा, कापडावरची नक्षी यांना कोणी अडवले? नसरीन यांच्या प्रौढ कामात माणूस नाही, प्राणी नाही, निव्वळ रेषा आहे. शिवाय ज्या घरात लग्नाचा व्हिडिओ तीन-तीन कॅमेऱ्यांनी काढला जातो, त्या घराला पोराच्या हातातली पेन्सिल पाहूनच दीन आठवावा, हे काही प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

दुसरे उत्तर पोटाचे : चित्र काढून रोटी मिळते का? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्या वर्गातली मुले गॅरेजमधून, जरीच्या कारखान्यांतून येतात. पण म्हणूनच विचारतो, जरीचा नमुना कोण काढतो? सुई चालवणारा आपला आणि डिझाइन करणारा दुसराच, असे का? मजुरी सुईला मिळते, नाव आणि नफा डिझाइनला. उर्दू वर्तमानपत्रांतले कातिब संगणक आल्यावर घरी बसले. अक्षराचे वळण त्यांच्या हातात होते, त्यातून अक्षररचनेचा नवा धंदा उभा राहू शकला असता. ते शिकवणारा वर्ग आपल्याकडे नव्हता. हात आपले आहेत. त्या हातांना आराखडा काढायला शिकवले नाही, हा दोष कोणाचा?

तिसरे उत्तर अभिमानाचे, आणि आम्हाला ते सर्वांत पोकळ वाटते. हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरला गेले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी आकडा एकमेकांना कळवला. चित्रात काय आहे, हे किती जणांनी पाहिले? त्यात हिंदुस्थानचे खेडे आहे. अशा माणसाला २००६ मध्ये देश सोडावा लागला, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. ज्यांनी त्यांच्यावर खटल्यांचा पाऊस पाडला, त्यांचा निषेध केलाच पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २००८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. पण ते इथे असताना आपण तरी त्यांना कुठे आपले म्हटले? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय दोह्यात उघडले. नाव 'लौह व कलम' : पाटी आणि लेखणी. दोन्ही शब्द कुरआनातले, दोन्ही मदरशातल्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचे. असे संग्रहालय पंढरपुरात किंवा मुंबईत का नाही, हा प्रश्न सरकारला विचारताना थोडा स्वतःलाही विचारावा.

आमचे मागणे मोठे नाही. संस्थाचालकांनी चित्रकलेचा तास वेळापत्रकात ठेवावा आणि तो घ्यावा. रेखाकला परीक्षांचे फॉर्म दरवर्षी भरावेत, मुलींचे आधी. सहल काढायची तर एकदा वॉटर पार्क सोडून मुलांना मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात न्यावे. जवळच्याच जहांगीर आर्ट गॅलरीत तर तिकीटही लागत नाही. आपल्या जलशांत आणि संमेलनांत शायरांच्या जोडीला एखाद्या चित्रकारालाही बोलवावे.

किहीमच्या किनाऱ्यावर एका स्त्रीने ओढलेली रेषा जगाने ओळखली. ती ज्या वस्त्यांत सर्वांत आधी ओळखली जायला हवी होती, तिथे आजही मुलाच्या वहीवरून पालक ती खोडरबराने पुसतात. ते खोडरबर आधी काढून घेऊ या. पेन्सिल मुलांकडे आहेच.