ऐक ना, १२व्या मिनिटापासून!

लातूरच्या माझ्या मैत्रिणीने पॉडकास्ट सुरू केलाय. लिंक टाकली ५० ग्रुपवर. अंगठे भरपूर, ऐकणारे मोजकेच. बाईसाहेब बंद करायच्या बेतात! परवा नांदेडला जाताना एसटीत कलीगच्या कानात इअरफोन घातला, म्हटलं, ‘१२व्या मिनिटापासून ऐक.’ अहमदपूर येईपर्यंत ती एकटीच हसत होती. उतरायच्या आत बहिणीला पाठवूनही झालं.

मराठवाड्याला हे नवं थोडंच आहे? लक्ष्मण देशपांडेंचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ १९७९पासून असंच पसरलं. एक माणूस, ५२ पात्रं आणि ‘अजून बघितलं नाहीस?’ म्हणणारे पाहुणे! तेव्हा बॉस, नुसतं फॉरवर्ड नको. एकालाच पाठवा, पण मिनिट सांगून.

मैत्रिणीकडे मी दोन एपिसोडची मुदत मागितलीय.