गावची भट्टी विझू देऊ नये

बियाणे, खते, कीटकनाशके आणि पीककर्ज यांविषयी आपल्या मासिकातून पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु ज्या विळ्याने भात कापावयाचे, ज्या पहारीने बांधाचे दगड उपटावयाचे आणि ज्या कुदळीने पाट खणावयाचा, त्या लोखंडाची देखभाल कोणी करावी, हा प्रश्न सहसा कोणी मांडीत नाही. ठाणे जिल्ह्यात शेती मुख्यत्वे मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांत उरली आहे, आणि तेथील कितीतरी गावांच्या भट्ट्या थंड पडल्या आहेत. ऐन कापणीत विळा बोथटला की तालुक्याचा बाजार गाठावा लागतो. त्यात एक दिवस जातो, आणि पिकून वाळलेले भात त्या एका दिवसाचीही वाट पाहत नाही. दाणे शेतातच झडतात. ह्यास्तव माझे स्पष्ट म्हणणे असे की, शेतकऱ्यांच्या संघाने गावात एक लोहारी भट्टी स्वखर्चाने उभी करावी आणि ती चालविणाऱ्यास रोख मोबदला द्यावा.

लोहार गाव सोडून का गेला, हे प्रथम पाहिले पाहिजे. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ प्रसिद्ध केला. त्यात बलुत्याच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर लोहाराने वर्षभर फाळ शेवटावे, ही ती व्यवस्था. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याजवळ मौजे पाचपाखाडीच्या हद्दीत वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत उभी राहिली. तेथे हातोडा धरता येणाऱ्या माणसास महिन्याच्या महिन्यास पगार मिळू लागला. मग चार पायली भातासाठी त्याने पावसाळाभर गावात का बसून राहावे? त्यास दोष देणाऱ्या खातेदाराने आपण त्यास शेवटी रोख पैसे केव्हा मोजले होते, ते आठवून पाहावे.

त्याच वागळे इस्टेटीत आता काळ फिरला आहे. यंत्रशाळा होत्या त्यांपैकी कित्येक जागी संगणकाच्या कामाची उंच कार्यालये झाली, तथापि लहान कारखाने अद्याप आहेत. कारखाना बंद झाला किंवा दुसरीकडे हलला की जुनी सामग्री वजनावर विकली जाते. आपल्या भट्टीस लागणारे जड सामान नवे घेण्यापेक्षा अशा ठिकाणी पाहून घ्यावे. मात्र पाहून घ्यावे, ह्या शब्दांवर माझा भर आहे.

सर्वांत अधिक पैसा व सर्वांत अधिक विचार ऐरणीवर खर्च करावा. बाजारात रंग दिलेल्या, दिसण्यात सुबक अशा बिडाच्या ऐरणी स्वस्त मिळतात. बीड ठिसूळ असते. घणाखाली कडा उडतात आणि पृष्ठभागास खळगे पडतात. पोलादी ऐरण ओळखण्याची रीत सोपी आहे. हातोड्याने हलके ठोकले असता ती घंटेसारखी खणखणते, बिडाची मात्र बद्द वाजते. दुसरी परीक्षा अधिक खात्रीची. बेअरिंगमधील पोलादी गोळी एक वीत उंचीवरून ऐरणीच्या पाठीवर सोडावी. ती दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक उंच उसळली तर ऐरण चांगली. मेल्यासारखी पडून राहिली तर दुकानदार कितीही गोड बोलो, तेथून उठावे. विळे, कोयते व खुरपी यांस पन्नास किलोची ऐरण पुरते. पहारी व फाळ शेवटावयाचे असल्यास शंभर किलोच्या आसपासची असावी. ती चिंचेच्या ओंडक्यावर बसवून ओंडका जमिनीत निम्मा पुरावा, आणि उभे राहून हात खाली सोडला असता मुठीचे सांधे ऐरणीच्या पाठीस टेकतील इतकी उंची ठेवावी. उंची चुकली तर महिन्याभरात कंबर बोलू लागते. (ओंडक्याकरिता उभी चिंच तोडण्याचा विचार कोणी करू नये. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत चिंच आहे व परवानगीवाचून तोडल्यास प्रकरण अंगाशी येते. वादळात पडलेल्या झाडाचे खोड शोधावे.)

ऐरणीऐवजी रेल्वे रुळाचा तुकडा पुष्कळ लोक वापरतात. तुकडा उभा रोवला तर काम बरे होते, यात संशय नाही. परंतु तो कोठून आला हे विचारल्यावाचून घेऊ नये. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेविषयीच्या कायद्यान्वये चोरीचा माल नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा असून पहिल्याच अपराधास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महसुली दप्तरात आयुष्य गेल्यामुळे मी कागदाचा आग्रह धरतो, असे कोणी म्हणेल, म्हणो बापडे. पावती नसलेला माल संघाच्या जागेत येता कामा नये.

इतर सामानाविषयी थोडक्यात सांगतो. एक ते दीड किलोचा हातोडा, चार-पाच किलोचा घण, निरनिराळ्या जबड्यांच्या तीन-चार सांडशा, गरम व थंड कामाच्या दोन छिन्न्या, सुंबे, कानशी आणि एक लेग व्हाइस. लेग व्हाइसचा पाय जमिनीस टेकलेला असल्याने तो ठोके सोसतो. बाकास बसविलेला बिडाचा व्हाइस ठोक्यांनी फुटतो. चामड्याचा भाता आता सांभाळणे कठीण, म्हणून हाताने फिरवावयाचा पंखा घ्यावा. विजेचाही चालतो, पण पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हात तरी चालतो. विळ्या-खुरप्यांस लोणारी कोळसा उत्तम. जाड पहारीस दगडी कोळसा लागेल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळ भट्टीत कदापि घालू नये. त्याच्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

आता खरी विद्या, म्हणजे पाणी देणे. सामान सगळे विकत मिळते, ही मात्र शिकावी लागते. साध्या बांधकामाच्या सळईत कर्ब कमी असल्याने तिला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. मालमोटारीच्या कमानीचे पाटे ह्या कामी चांगले. लोखंड कसले आहे याची शंका असल्यास ग्राइंडरवर धरावे: साध्याच्या ठिणग्या लांब रेघांसारख्या पडतात, कर्बयुक्त पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात. घडण झाल्यावर तापलेल्या पात्यास लोहचुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंशांवर पोलाद चुंबकास चिकटेनासे होते; त्याहून किंचित अधिक तापवून ते कोमट तेलात बुडवावे. कमानीचे पोलाद थंड पाण्यात बुडविल्यास बहुधा तडकते. तेल पेट घेते म्हणून जवळ पत्र्याचे झाकण ठेवावे. येथे पुष्कळजण थांबतात आणि पाते काचेसारखे तुटले म्हणजे लोखंडास दोष देतात. बुडविल्यानंतर एक बाजू घासून उजळ करावी व मंद आचेवर पुन्हा तापवीत रंग पाहावा. विळा व खुरपे गवती पिवळ्या रंगावर थांबवावे, कुऱ्हाड व छिन्नी जांभळ्यावर, आणि जेथे लवचीकपणा हवा तेथे निळ्यावर. ही कामे भर उन्हात करू नयेत, रंग दिसत नाहीत. लोहाराची भट्टी अंधाऱ्या खोपीत असे, ती ह्याच कारणाने.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो ह्या भट्टीत घालू नये. त्यास दाते असतात; ठोकून पाजविला की दाते गेले आणि जमिनीलगत कापण्याचा त्याचा गुणही गेला. रोटाव्हेटरची पाती कारखान्यात विशिष्ट रीतीने कठीण केलेली असतात. तीही तापवून ताणू नयेत, झिजली की नवी बसवावीत.

कित्येक मंडळी म्हणतात, भट्टी कशाला, वेल्डिंगचे यंत्र घ्या. यंत्रास माझा विरोध नाही; फाटक व ट्रॉली यांच्या दुरुस्तीस ते हवेच. परंतु कोयत्याच्या तुटलेल्या पात्यास वेल्डिंग केले असता सांध्याशेजारचा भाग तापून त्याचे पाणी उतरते किंवा तो ठिसूळ होतो, व पुढच्याच घावास पाते तेथेच जाते. म्हणून पहिल्या वर्षी ऐरण, दुसऱ्या वर्षी यंत्र, असा क्रम असावा.

भट्टी चालविण्यास गावात जुना जाणता लोहार असेल तर प्रथम त्यास विचारावे, व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेला एखादा तरुण त्याच्या हाताखाली द्यावा. दर फळ्यावर लिहून लावावेत: विळा पाजविण्याचा एक, पहार शेवटण्याचा दुसरा. काम नेतानाच पैसे द्यावेत. सुगीनंतर देतो ही भाषा बंद व्हावी. शिवाय पेरणीपूर्वीचा महिना व कापणीपूर्वीचा महिना सोडला तर भट्टीस काम थोडे असते, म्हणून त्या रिकाम्या महिन्यांचे ठरावीक मानधन संघाने अंदाजपत्रकात धरावे. ते धरले नाही तर तो माणूस दिवाळीनंतर पुन्हा ठाण्याची गाडी धरील आणि ऐरणीवर कोंबड्या बसतील. येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवावयाचा असल्यास सामानाच्या दरपत्रकांसह अर्ज आधीच द्यावा लागेल, म्हणजे खरेदी होऊन ओंडका पावसापूर्वी पुरता येईल.