कुलूपबंद दोन एकर

न्यूयॉर्कची लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू हार्लेमपासून नाकासमोर दक्षिणेला येते आणि एकविसाव्या रस्त्यावर एका लोखंडी कुंपणापाशी संपते. टॅक्सी, सायकली, मालाचे ट्रक, सगळे मुकाट्याने वळसा घालतात. कुंपणाच्या आत ग्रामर्सी पार्क. जेमतेम दोन एकर. जुनी झाडं, खडीच्या वाटा, बाकं आणि मधोमध हॅम्लेटच्या वेशात नट एडविन बूथचा पुतळा. (याच्याच सख्ख्या भावाने लिंकनवर गोळी झाडली.) येणाऱ्या-जाणाऱ्याने तो गजांच्या फटीतून पाहायचा. किल्ली मिळते ती मुख्यतः चौकाभोवतीच्या घरांना. प्रत्येक किल्लीवर क्रमांक असतो आणि कुलूप दरवर्षी बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीची किल्ली कुणाला देऊन उपयोग नाही. गंमत म्हणजे आतून बाहेर पडायलाही ती लागते! कुत्रा, दारू, चेंडू यांना मज्जाव.

सॅम्युएल रगल्स नावाच्या विकासकाने 1831 साली इथली दलदल बुजवली, लंडनच्या चौकांचा कित्ता गिरवत भूखंड पाडले आणि मधली बाग त्या भूखंडधारकांसाठी विश्वस्तांच्या हवाली केली. विचार सरळ व्यापारी होता. समोर हिरवळ असेल तर घराला भाव येतो. तो आजही येतो, आणि भरभक्कम येतो.

कुणी म्हणेल, त्यांची बाग, त्यांचा खर्च, तुमच्या पोटात का दुखतं? मालकीबद्दल माझं काही म्हणणं नाही. रगल्सने कुंपण घातलं नसतं, तर मॅनहॅटनच्या त्या चौकटीदार आराखड्यात हे दोन एकर केव्हाच इमारतींच्या घशात गेले असते, हेही कबूल. पण ‘त्यांचा खर्च’ हे अर्धसत्य आहे. 1832 पासून या बागेला करमाफी आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रस्ता बागेतून आरपार काढायचा घाट घातला गेला, तो रहिवाशांनी हाणून पाडला. म्हणजे आतल्या शांततेसाठी सारं शहर रोज लांबून जातं. 1863 मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा ती मोडायला आलेल्या सैनिकांसाठी मात्र हेच फाटक उघडलं होतं. शहर इतकं देतं आणि बदल्यात त्याला काय मिळतं? नाताळच्या आदल्या संध्याकाळी कॅरल गायला तासभर प्रवेश.

2001 साली चौकातल्याच एका क्लबच्या अध्यक्षाने जवळच्या शाळेतली मुलं आत नेली. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. बागेच्या बाजूने पोलीस बोलावले गेले. प्रकरण कोर्टात गेलं, वंशभेदाचा आरोप झाला, शेवटी तडजोड झाली. त्या मुलांनी ना कुत्रा आणला होता, ना चेंडू.

लंडनमधल्या अशाच अनेक खासगी बागा जूनमध्ये एका शनिवार-रविवारी लोकांना पाहायला मिळतात. त्याने तिथल्या घरांचे भाव कोसळल्याचं ऐकिवात नाही.

याच रगल्सने चार पावलांवरचा युनियन स्क्वेअर आकाराला यावा म्हणून धडपड केली आणि स्वतःचं घरही तिथेच घेतलं. तो चौक सगळ्यांचा. 1882 मध्ये कामगार दिनाचा पहिला मोर्चा तिथे पोहोचला, आता शेतकरी तिथे भाजी विकतात, आणि 1986 पासून हातात काठी घेतलेले गांधीजीही तिथेच उभे आहेत. तिथे गर्दी होते, कचरा होतो, गोंगाट होतो, हे खरंच. ग्रामर्सीचा युनियन स्क्वेअर करा, असं कुणी म्हणत नाही. विश्वस्तांनी आठवड्यातली एक सकाळ आसपासच्या शाळांना द्यावी. किल्ली त्यांच्याकडेच राहू दे, फाटकाशी माणूसही त्यांचाच असू दे. करमाफीच्या कागदावर नगरपालिकेने एवढी एक अट घातली, तरी माझी तक्रार निम्म्याने कमी होईल.